भोपळ्याखालचं घड्याळ

त्या रविवारी मुक्ताबाईच्या जिवाला पहाटेपासूनच स्वस्थता नव्हती. दुपारी चार वाजता सुवार्तेचा, तिच्या एकुलत्या एक पोरीचा, साखरपुडा होता. होटगीचे पाहुणे सकाळच्याच गाडीनं येणार, आधी चर्चमध्ये उपकारस्तुतीच्या उपासनेला बसणार आणि मग शुक्रवार पेठेतल्या मुक्ताबाईच्या खोलीवर येणार, असं ठरलेलं. खोली सारवून झाली होती, उसन्या सतरंज्या आल्या होत्या. राहिला होता प्रश्न घड्याळाचा.

घड्याळ नवऱ्या मुलासाठी होतं. पोरगा, यशया, रेल्वेत. त्याची आई केराबाई बोलायला फटकळ, पण मागण्यात तशी कमीच. हुंडा नको, मानपान नको, पोराच्या मनगटावर तेवढं घड्याळ घाला, एवढंच तिचं म्हणणं. "पोरगं रेल्वेत, अन् टाइम दुसऱ्याला इचारतंय, बरं दिसतंय व्हय?" असं ती म्हणाली होती. बालवाडीत आयाचं काम करणाऱ्या विधवा बाईनं घड्याळ आणायचं कुठून? मुक्ताबाईनं नवऱ्यानं लग्नात घातलेली अंगठी मोडली, दुकानदाराकडे नाव नोंदवलं आणि वर्षभर वाट पाहून एकदाचं एचएमटीचं घड्याळ घरात आणलं.

आणलं खरं, पण ठेवायचं कुठं? आदल्याच आठवड्यात गल्लीत दोन घरं फोडली होती, आणि हिच्या मागच्या दाराची कडी नुसती नावाला. ट्रंकेचं कुलूप केव्हाच गेलेलं. पिठाच्या डब्यात ठेवावं तर घड्याळात पीठ जाणार. शेवटी तिनं डबी रुमालात गुंडाळली, टोपलीच्या तळाशी ठेवली, वर कढीलिंबाचा पाला पसरला आणि त्यावर परसातला भोपळा बसवला. चर्चच्या दारात डबी काढून कमरेला खोचायची आणि मग टोपली पुढं द्यायची, असा बेत. सुवार्ता म्हणालीही, "आई, माज्याकडं दे की." पण मुक्ताबाईचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता, तर पोरीवर कुठून असणार.

उपकारस्तुतीच्या रविवारी मंडळीतलं प्रत्येक घर काही ना काही आणतं. कुणी ज्वारीची कणसं, कुणी कोंबडी, कुणी बरणीभर लोणचं. ते सगळं पुढच्या मेजावर मांडतात, पाळक त्यावर प्रार्थना करतात आणि उपासना सुटली की आवारातल्या लिंबाखाली लिलाव होतो. एकदा प्रार्थना झाली की वस्तू देवाची. ती कुणी परत मागितल्याचं आजवर ऐकिवात नाही.

चर्चच्या दारातच केराबाई भेटली. सलाम झाला, गळाभेट झाली, बोलणं सुरू झालं. केराबाई बोलायला लागली की समोरच्यानं मान हलवायची, दुसरं काही करता येत नाही. तेवढ्यात मेज मांडणाऱ्या एका बाईनं मुक्ताबाईच्या हातातली टोपली घेतली आणि सरळ पुढं नेली. मुक्ताबाईच्या हे ध्यानात आलं तेव्हा ती बायकांच्या बाजूला चटईवर बसली होती आणि पहिलं गीत सुरू झालं होतं.

उठून जावं? भर गाण्यात सगळ्यांच्या देखत देवाच्या मेजावरच्या टोपलीत हात घालायचा? तिनं ठरवलं, दुसऱ्या गीताला जाऊ. दुसऱ्या गीताला शेजारणीचं पोर मांडीवर आलं. मग उपदेश लागला आणि पाळकांचा उपदेश म्हणजे एकदा लागला की लागला. तिला त्यातलं अक्षर कळलं नाही. ती भोपळ्याकडं बघत राहिली. शेवटी अर्पणाची प्रार्थना आली. सगळ्या मंडळीनं डोळे मिटले, मुक्ताबाईनं एकटीनं उघडे ठेवले. पाळकांचा हात टोपलीवरून फिरला आणि आमेन झालं.

आणि नेमकं तेव्हा तिला ते आठवलं, जे ती आठ वर्षं आठवू देत नव्हती.

सुवार्ता अकरा वर्षांची होती. मुदतीच्या तापानं पोर हातची जाते की काय अशी वेळ आली, तेव्हा खाटेच्या पायाशी बसून मुक्ताबाई बोलून गेली होती, की देवा, ही वाचू दे, माझ्या घरात सगळ्यात मोलाचं जे असेल ते येत्या उपकारस्तुतीला तुझ्या मेजावर ठेवीन. पोर वाचली. त्या वर्षी तांब्याचा हंडा द्यावा म्हटलं, पण हंडा दिला तर पाणी कशात भरायचं? पुढच्या वर्षी अंगठी द्यावी म्हटलं, पण ती नवऱ्याची आठवण. दर वर्षी कारण सापडायचं आणि दर वर्षी ती भोपळा न्यायची. भोपळा मात्र मोठा न्यायची, तेवढीच मनाची समजूत.

लिंबाखाली लिलावाला आप्पा उभे होते. निवृत्त मास्तर, मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडिलांपैकी एक, आवाज अजून वर्गातलाच. कोंबड्या गेल्या, लोणचं गेलं, मग भोपळा गेला. आप्पांनी पाला झटकायला टोपली उलटी केली तशी रुमालाची गाठ खाली पडली. त्यांनी ती सोडली. डबी उघडून घड्याळ सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

टोपली कुणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाळक पुढं आले. त्यांचे डोळे भरून आले होते. पोटच्या पोरीच्या साखरपुड्याच्या दिवशी एवढं मोलाचं अर्पण, आणि तेही गाजावाजा न करता भोपळ्याखाली झाकून! असं देणं आपण कधी पाहिलं नाही, असं ते मंडळीला सांगू लागले. बायका वळून वळून मुक्ताबाईकडं बघू लागल्या. पलीकडं केराबाईचा चेहरा दगडासारखा झाला होता. घड्याळ कुणाचं हे तिला बरोबर कळलं होतं.

ते कौतुक मुक्ताबाईला चटक्यासारखं बसलं. घड्याळ गेलं असतं तर ती रडली असती, पण न केलेल्या देण्याची वाहवा गिळणं तिला जमेना. ती उठली.

"आप्पा, थांबा. ते मी दिल्यालं न्हाय. चुकून टोपलीत राह्यलं."

पाळकच हसले आणि चुकून आलेलं देव धरून ठेवत नाही, असं म्हणाले. मंडळीनंही माना डोलावल्या. आप्पांनी डबी तिच्या हातावर ठेवली. "घ्या की, बाई. यात लाजायचं काय."

झालं, सुटली. घड्याळ हातात होतं, कुणाचं काही म्हणणं नव्हतं, केराबाईसुद्धा मोकळा श्वास घेत होती. मुक्ताबाईनं गुपचूप जागेवर जाऊन बसायचं, एवढंच उरलं होतं. तेवढंच तिला होईना. हातात डबी टिकटिकत होती. तिनं सुवार्तेकडं पाहिलं. एकोणीस वर्षांची धडधाकट पोर, आईनं काय घोळ घातला म्हणून घाबरून बघत होती. घरात सगळ्यात मोलाचं काय, हे मुक्ताबाईला तेव्हा अगदी स्वच्छ कळलं, आणि ते देवानं आठ वर्षांपूर्वीच तिला परत दिलं होतं.

ती मेजापाशी गेली आणि तिनं डबी ठेवली. "ही पोर तापात व्हती तवा मी देवाला कबूल केलं व्हतं. आट वर्सं नुसता भोपळाच आनला. मगाशी चुकून ठिवलं व्हतं, आता जानून ठिवते."

केराबाई उठली, पदर खोचला आणि कुणाशी न बोलता फाटकाबाहेर गेली. यशया मागं एकदा बघून तिच्या पाठोपाठ गेला.

घरी आल्यावर सुवार्ता पोह्यांची परात समोर घेऊन बसून राहिली. तिनं विचारलं, नवस माझ्यासाठी केलास, मग मला एकदा तरी का नाही सांगितलंस? मुक्ताबाई दारात जायची, आत यायची, अंथरलेली सतरंजी पुन्हा झटकायची. आपण देवाला दिलं, का पोरीच्या संसारातून उचलून दिलं, याचा तिला काही केल्या उलगडा होईना. चार वाजले की नाही हे कळायलासुद्धा घरात घड्याळ नव्हतं. शेजारच्या बसव्वानं भिंतीपलीकडून सांगितलं, पाच होत आले.

तेव्हा गल्लीत केराबाई दिसली. मागं यशया, आणि त्याच्या खांद्यावर मुक्ताबाईचाच भोपळा.

"टेसनापतूर गेलो व्हतो," दारातच केराबाई म्हणाली. "घड्याळाचं लागलंय मला, खोटं न्हाय बोलनार. पन हातात आल्यालं सोडून दिल्याला शबुद पाळनारी याहीन मला दुसरीकडं घावायची न्हाय." मग मागं वळून पोराला म्हणाली, "ठेव तो भोपळा खाली. लिलावात घेतलाय म्हनं, मला न इचारता."

यशयानं भोपळा उंबऱ्याच्या आत ठेवला आणि सुवार्तेकडं न बघता हसला. मुक्ताबाई विळी आणायला आत गेली आणि तिथंच चुलीपाशी पदरात तोंड घालून रडली. बाहेरून केराबाईचा आवाज आला की भोपळा मोठा आहे, चिरायला दोघी लागतील, मी येते.