कापराचा वास

मी फणी बोलतेय. केस विंचरायची नव्हे, अंबाड्यात खोचायची. समुद्रातल्या कासवाच्या कवचाची. नागासाकीच्या कारागिराने मला उकळत्या पाण्यात मऊ करून वाकवलं. माणसांच्या हौसेपायी आधी एक कासव जिवानिशी गेलं, हे मी विसरलेले नाही.

गोतो बेटावरच्या एका कोळ्याने मला लेकीच्या, मित्सुएच्या लग्नासाठी घेतलं. कवचाला किडे लागतात, म्हणून त्याने पेटीत कापराची पुडी ठेवली. तीच नडली.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूने मला नाकाशी धरलं. त्या काळी सेल्युलॉइड नावाच्या प्लास्टिकच्या नकली फण्यांचा सुळसुळाट होता, आणि सेल्युलॉइडला कापराचा वास येतो हे बायकांना पाठ होतं.

"अगं बाई, नकली! तुझ्या बापाने आम्हालाच गंडवलं की!"

"सासूबाई, वास त्या पुडीचा आहे."

"हो का? छान पढवून पाठवलंय!"

मित्सुएने पुडी चुलीत टाकली. वास गेला, टोमणे गेले नाहीत. माहेरून मासा आला की सासू विचारायची, "हा तरी खरा आहे ना गं?"

ऐकून ऐकून मित्सुएलाच शंका आली. एकदा तिने सुई तापवली. मला टोचली असती तर जळक्या केसांचा वास येऊन माझा खरेपणा कळला असता. टोच गं, टोच! मी आतून ओरडत होते. पण फणी खोटी निघाली तर बापही खोटा ठरणार. तिने सुई पाण्यात बुडवली आणि मला पेटीत टाकून दिलं.

पुढे बाप भेटायला आला. ती स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही.

"मित्सुए, घोटभर चहा देतेस का?" त्याने हाक मारली. थोडा वेळ थांबून तो गेला. त्याच हिवाळ्यात त्याची होडी समुद्रात बुडाली.

इकडे पेटीत किडे शिरले. कापूर नव्हताच. त्यांनी मला वर्षानुवर्षं कुरतडलं.

परवा जुन्या फण्या जमवणाऱ्या उराताबाई घरी आल्या. मित्सुए आता म्हातारी झालीय. बाईंनी मला उजेडात धरलं आणि हळहळल्या.

"अरेरे, अस्सल फणी हो! पार वाया गेली."

"अस्सल? कशावरून?"

"ही भोकं बघा ना, आजी. सेल्युलॉइडला किडा तोंड लावत नाही."

"पुन्हा एकदा सांगा," मित्सुए म्हणाली. बाईंनी पुन्हा सांगितलं.

त्या गेल्यावर मित्सुएने चहा केला. पितरांच्या कोनाड्यात बापाच्या फोटोपुढे पेला ठेवला, शेजारी मला. "बाबा, चहा आणलाय," म्हणाली आणि ढसाढसा रडली.

जुने दागिने पारखणाऱ्यांनो, शंका आली तर सुई वेळेवर लावा. एक डाग मी आनंदाने सोसला असता. आता हा चहा माझ्याशेजारी निवतोय, आणि प्यायला कुणी येणार नाही.