सहा जानेवारी

मध्यस्थ ग्रासिएलाबाईंसमोरच्या बोलणीत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जवळजवळ सगळं ठरलं होतं. नायेली आईजवळ कॅनडात, सास्कातूनलाच राहणार; उन्हाळ्याचे सहा आठवडे आणि नाताळची सुट्टी तेवढी बापाकडे, मेक्सिकोत, अतलिस्कोला. दोन वर्षांपूर्वी तमारा पंधरा दिवसांसाठी म्हणून मुलीला माहेरी घेऊन आली, ती परत गेलीच नाही. तरी मुलीला परत मिळवायचा कोर्टातला अर्ज मागे घ्यायला तिचा बाप फिदेन्सियो तयार झाला होता. अडलं होतं ते नाताळनंतर तिला परत पाठवायच्या तारखेवर.

"सहा जानेवारीपर्यंत राहू दे," तो म्हणाला. "तीन राजांचा दिवस झाला की दुसऱ्या दिवशी पाठवतो."

"शाळा पाचला उघडते."

"तीन-चार दिवस बुडाली तर आभाळ कोसळेल?"

"आणि सहाला तू कधी असायचास रे घरी? तीन तारखेपासून भट्टीपुढे! पोरीने दाराशी ठेवलेल्या बुटात राजांच्या नावाने खेळणी ठेवायची कोण? मीच."

ते खरं होतं. त्या चार दिवसांत सगळं गाव सणाचा, आत इवल्या बाहुल्या लपवलेला गोल पाव त्याच्याच बेकरीतून नेई.

"मी घरी नसेन, पण ती माझ्याजवळ असायची ना! पावात बाहुल्या कोण घालायचं? एकात तीन, दुसऱ्यात एकही नाही. गिऱ्हाइकं माझ्या अंगावर यायची."

तमाराला हसू फुटलं. "चेलोमावशी तर उरलेला पाव परत घेऊन आली होती, 'मला फसवलंस' म्हणत!"

दोघंही हसले, दोन दिवसांत पहिल्यांदाच.

"बरं," डोळे पुसत ती मध्यस्थ बाईंना म्हणाली, "लिहा सहा."

ग्रासिएलाबाईंनी पेन उचललं नाही. काल त्या नायेलीशी एकट्याच बोलल्या होत्या. मूल सांगा म्हणेल तेवढंच सांगायचं, तेही आईबापांना एकत्र बसवून आणि सह्यांच्या आधी, अशी त्यांच्या कामाची रीत होती.

"तिचा निरोप आहे," त्या म्हणाल्या. "शाळा उघडते त्या दिवशी वर्गात जागा बदलतात. गेल्या वर्षी ताप आल्याने ती उशिरा गेली, तर दाराजवळचं एकटं बाक उरलं होतं. यंदा तिला मैत्रिणीशेजारी बसायचंय. चार तारखेला घरी पोचायचं, म्हणाली. आणि म्हणाली, पप्पांना सांगा, पण हळू सांगा."

"'घरी' म्हणाली?"

"हो."

फिदेन्सियोने टेबलावरचं कॅलेंडर जवळ ओढलं.

"मी समजावते तिला," तमारा घाईने म्हणाली. "शब्द दिलाय मी. सहाच राहू दे."

"काय समजावशील? बाप म्हणतो, दाराशी बस?" त्याने मान हलवली. "वाटेत विमान बदलावं लागतं, उशीर होतो. दोनला निघेल ती. दोन लिहा, बाई."

बाईंनी लिहिलं. त्याने सही केली, पेन परत दिलं, आणि तमाराकडे न बघताच विचारलं, "त्या मैत्रिणीचं नाव काय?"

"ब्रिन."

त्याने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. त्याच्या जिभेवर ते नीट बसेना.