इंग्रजी ऐकणारं घर

"आई, मशीन बंद कर ना थोडा वेळ. तिकडे खडखड ऐकू जाते."

तिने पाय थांबवले. फ्रॉकची बाही अर्धीच शिवून झाली होती आणि गिऱ्हाईक संध्याकाळी यायचं होतं. पण आज लेकाची मुलाखत होती, विद्यापीठाच्या रेडिओवर, तीही इंग्रजीतून. इंग्रजी बोलण्याच्या स्पर्धेत पहिला आलेला हा मुलगा ती भाषा शिकला कशी, हे नव्या मुलांना ऐकवायचं होतं.

"मी इथेच बसू का रे?"

"बस की. पण खोकू नकोस. आणि मध्येच चहा विचारू नकोस."

"बरं हो, साहेब."

ती भिंतीला टेकून बसली. मनात म्हणाली, आता टीव्हीची गोष्ट निघणार.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी पोराला वर्गात एक वाक्य धड बोलता आलं नव्हतं. मुलं हसली. घरी येऊन तो डोक्यावरून पांघरूण घेऊन पडला. तिने खालच्या दुकानदाराला विचारलं, भाषा येते कशी? तो म्हणाला, "तान्ह्या पोराला कशी येते? कानावर पडून." झालं. त्या दिवसापासून घरात टीव्ही लागायचा तो इंग्रजीच. बातम्या, सिनेमे, माशांवरचे कार्यक्रम, जे लागेल ते. तिची रोजची मालिका ऐन रंगात आली होती, तिच्यावर तिने पाणी सोडलं. नायिकेचं शेवटी काय झालं ते वरच्या काकूंनी जिन्यात सांगितलं, वर टोमणाही मारला, "तुमचं मांजरसुद्धा आता इंग्रजीत म्यांव करतं म्हणे!"

शिवता शिवता ते सगळं तिच्याही कानावर पडत राहिलं. आधी नुसताच कलकलाट. मग पावसापाण्याचं, महागाईचं, आजाराचं कळू लागलं. पुढे पुढे माणसं कशावरून भांडतात तेही. बोलायला जीभ वळायची नाही, पण कळायचं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. लेकाला तर नाहीच, हसला असता.

लॅपटॉपच्या पडद्यावरून मुलाखत घेणाऱ्या मुलीने इंग्रजीत विचारलं, "घरचं वातावरण कसं होतं?"

लेक इंग्रजीत बोलू लागला. वाहत्या पाण्यासारखा. तिला अभिमान वाटला, अगदी पहिलं वाक्य संपेपर्यंत.

"खरं सांगू? घरात दिवसभर मालिकांचा गोंगाट. आईला दुसरं काही सुचायचंच नाही. मी हेडफोन लावून जिन्यात जाऊन बसायचो आणि मोबाईलवर इंग्रजी बातम्या ऐकायचो."

मुलगी हळहळली. "आणि आईची काही मदत?"

त्याने वळून आईकडे पाहिलं. लहानपणी बरणी फोडून "मी नाही" म्हणायच्या आधी तो असाच बघायचा.

"तिचा काय दोष? मी काय शिकतो हेच तिला कळत नाही. ही बघा, इथेच बसली आहे. आत्ताही तिला एक अक्षर कळत नाहीये."

त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. मुलीने हसून हात हलवला. तिनेही हलवला.

मुलाखत संपली. तो खुशीत उठला. "झक्कास झाली, आई!"

"काय काय बोललास रे?"

"तुझंच कौतुक केलं की. म्हटलं, सगळं आईमुळे."

"असं म्हणालास?"

"मग! आता लाव टीव्ही. बघ तुझी मालिका निवांत."

"राहू दे. बाही राहिलीये."

तो मित्राला फोन लावत बाहेर गेला. ती मशीनवर बसली. पाय आपोआप चालू लागले. बाही संपवून तिने कापड उजेडात धरलं, तर बाही सुटी होऊन खाली लोंबली. सुईतला दोरा मघाशीच निसटला होता. टाक्यांच्या जागी बारीक भोकांची सरळ ओळ तेवढी उमटली होती.

त्या ओळीवरून तिने एकदा बोट फिरवलं. मग दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं.