गाईचा गहू

पेरणीसाठी गहू निवडताना डोंगरातल्या माणसाचं दरवर्षी डोकं फिरतं. बोडका, बिनकुसळाचा पेरावा, तर रानडुकरं उभं शेत फस्त करतात. कुसळाचा पेरावा, तर डुक्कर तोंड लावत नाही. पण मग गाईसाठी तो ओंबी दुधात असतानाच कापावा लागतो, कुसळ राठ व्हायच्या आत. इकडे आड, तिकडे विहीर.

रादिवोयेकडे जमिनीचा एकच तुकडा. त्यातच नवराबायकोचा पाव आणि त्यातच रुमेंका गाईचा चारा. दोन वर्षं डुकरांनी काही हाती लागू दिलं नाही, तेव्हा गेल्या शरदात त्याने कुसळाचं बियाणं आणलं.

"वेळेवर कापणार कोण, तू?" बायको स्तामेना म्हणाली. "स्वतःच्या लग्नालासुद्धा उशिरा आलास."

"आलो ना पण?"

मे महिन्यात पावसाने ठाण मांडलं. उघडीप मिळेपर्यंत ओंब्या पिवळ्या पडायला लागल्या होत्या.

"आता गाईला नको घालूस, रादे. पावापुरता राहू दे."

पण आपलंच खरं करायची हौस मेल्याला. "एवढ्याने काय होतंय," म्हणत त्याने गव्हाणीत पेंढी टाकली.

कुसळं जिभेखाली रुतली, तोंड सुजलं, पू झाला. जनावरांच्या डॉक्टरने उपटता येतील तेवढी उपटली आणि मान हलवली. रुमेंका चाऱ्याचा वास घ्यायची आणि रादिवोयेकडे बघायची. भूक होती, खाता येत नव्हतं. शेवटी बसली ती उठलीच नाही. स्तामेना त्याला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

त्या गव्हाचा पाव मात्र छान फुगला. त्याच्या घशाखाली उतरेना.

ऑक्टोबरात तो खाली बाजाराच्या गावी जाऊन बियाण्याचं पोतं घेऊन आला.

"कुसळाचाच ना?" स्तामेनाने विचारलं. "आता वेळेवर कापायचा घोर नाही."

"बोडका."

"बोडका? कुणासाठी? डुकरांसाठी?"

रादिवोये उंबऱ्यावर बसून बूट काढत होता. एक निघाला, दुसरा पायातच राहिला.

"दुकानदार वेल्कोने विचारलं, 'काका, गाय कशी आहे?' त्याला काही माहीतच नाही. मला सांगवेना, स्तामेना. म्हटलं, 'बरी आहे, पोटभर खाते.' मग म्हणाला, 'तर बोडकाच न्या.'"

स्तामेनाने पोतं ओढत नेऊन रिकाम्या गोठ्यात ठेवलं.