न कापलेली सोळा पाने

मी एक जुना नीतिशास्त्राचा ग्रंथ आहे. पारोळ्याजवळच्या एका महाविद्यालयात, काचेच्या कपाटात माझा मुक्काम असतो. कापडी बांधणी, सोनेरी नाव आणि अंगाला डांबरगोळ्यांचा वास. पाहणारे म्हणतात, किती जपून ठेवलंय! मित्रांनो, या जपण्याचीच मला किळस आली आहे.

छापखान्यात मोठे कागद दुमडून माझी पाने झाली, मग कडा कापल्या. घाईत एक भाग सुटला. सत्त्याण्णव ते एकशे बारा ही सोळा पाने जोडलेलीच राहिली. त्यांत ‘असत्य’ हे प्रकरण आहे. पंचावन्न वर्षांत ते कोणी वाचायला घेतले नाही, म्हणून कोणाला कळलेही नाही.

साक्षीला मात्र तेच हवे होते. तत्त्वज्ञानाच्या ऑनर्सला यंदा ती एकटी. चांगल्या कामासाठी खोटे बोलावे का, हा तिच्या प्रबंधाचा विषय. महिनाभर ती ग्रंथपाल तोतारामनानांकडे खेटे घालत होती.

“नाना, आज तरी द्या ना.”

“आते नको, पोरी. बठ्ठं कपाट समितीसाठे लावेल शे. आनि तत्त्वज्ञान शिकीसन काय करशी? भुसावळले गाडी थांबाडशी?”

“तुम्ही पुस्तक थांबाडं, ते काय कमी शे?”

नाना हसले. कुलूप काही उघडले नाही.

ऑनर्सचा वर्ग ठेवायचा की बंद करायचा, हे तपासणीला येणारी ती समिती ठरवणार होती; तिच्यासाठीच सगळे कपाट लावून ठेवले होते. समिती यायच्या आदल्या दुपारी विभागप्रमुख भूपेंद्र सरांनी मला टेबलावर उताणे टाकले. माझ्या शेवटच्या पानावर वाचकांची नोंद करायची चिठ्ठी आहे. ती कोरी होती. सरांनी तीन वेगवेगळी पेने घेतली आणि साक्षीच्या नावावर नऊ तारखा लिहिल्या.

“सर, हे काय?” साक्षी दारातच उभी होती.

“तुझ्यासाठीच करतोय. वर्ग बंद पडला तर कुठे जाशील? उद्या विचारलं तर फक्त मान हलव.”

ओल्या शाईने माझे अंग शहारले.

दुसऱ्या दिवशी समितीच्या अध्यक्षांनी मला उघडले. मागची चिठ्ठी वाचून चाळताना सत्त्याण्णवव्या पानाशी त्यांचे बोट अडले. त्यांनी समोर बसलेल्या साक्षीकडे पाहिले.

“नऊ वेळा नेलंस? ही पानं तर कापलेलीसुद्धा नाहीत.”

भूपेंद्र सर खिडकीबाहेर पाहू लागले. साक्षीने मान हलवली नाही.

“सर, मला हे पुस्तक एकदाही मिळालेलं नाही.”

मग अध्यक्ष हसले. “मुलगी प्रामाणिक आहे हो तुमची! तेवढी पानं कापून घ्या.” आणि अहवालात त्यांनी लिहिले : वाचनाची परंपरा समाधानकारक.

वर्ग वाचला. संध्याकाळी नानांनी ब्लेडने माझी पाने कापली, नवी डांबरगोळी ठेवली आणि कुलूप लावले.

सोमवारी साक्षीने प्रबंध दिला. माझे प्रकरण तिला शेवटपर्यंत मिळालेच नाही. त्या जागी तिने उदाहरण म्हणून नऊ तारखा उतरवल्या आणि खाली लिहिले, ‘यांतली एकही माझी नाही.’ भूपेंद्र सरांनी तो परत केला आहे. तेवढे पान काढ, मग सही करतो, म्हणतात. पान अजून तिथेच आहे आणि सही झालेली नाही.

मित्रांनो, मला जपू नका. माझ्या पानांवर चहा सांडू द्या, कोपरे दुमडू द्या, शिवण उसवू द्या. फक्त न वाचता माझ्यावर तारीख टाकू नका.