मारेशालसाहेब आणि वरातीची घोडी

नासिर नालबंद हिंजवडीच्या एका कंपनीत मॅनेजर होता, आणि आपण फार हुशार आहोत याबद्दल त्याला उभ्या जन्मात कधी शंका आली नव्हती. ती त्या रविवारी आली.

त्याला पॅरिसची बदली हवी होती. ती द्यायची की नाही हे ठरवणारे मारेशालसाहेब पुण्यात आले होते. नासिरनं आधीच इंटरनेट धुंडाळलं होतं. मारेशाल या फ्रेंच आडनावाचा अर्थ म्हणे सेनापती. झालं! एवढ्या खानदानी माणसापुढे नालबंदाचा पोरगा म्हणून उभं कसं राहायचं? तसं कार्डावरून त्यानं आडनाव केव्हाच काढून टाकलं होतं. तिथं नुसतं 'एन. आर. नासिर' होतं. शनिवारी जेवताना साहेबांनी घराण्याची चौकशी केली, तेव्हा हा गडी बिनदिक्कत म्हणाला, "आमचे पूर्वज घोडदळात होते." आणि पुढचा घासही त्याला व्यवस्थित गिळता आला.

साहेबांना जुनं पुणं पायी बघायचं होतं. कसबा पेठेतून फिरताना एक गल्ली तेवढी टळावी असा रस्ता नासिरनं आखला. त्या गल्लीत त्याच्या अब्बांचं, रज्जाक नालबंदांचं दुकान होतं. टांगे गेले, बैलगाड्या गेल्या, तरी अब्बा वरातीच्या घोड्यांना नाल मारत टिकून होते. पण लग्नसराईचे दिवस. गल्लीच्या तोंडावरूनच दुकानापुढची पांढरी घोडी दिसली, आणि साहेब ठरलेला रस्ता सोडून सरळ आत घुसले.

अब्बा खोळंबून बसले होते. त्यांच्या पद्धतीत नाल मारायला दोघं लागतात. एकानं घोडीचा पाय उचलून मांडीवर धरायचा, दुसऱ्यानं खिळे ठोकायचे. घोडीवाला भैरू चहाला म्हणून गेला तो गेलाच. नासिरला पाहून अब्बांचा चेहरा उजळला. लहानपणी पाय धरायचं काम त्याचंच असायचं.

आणि नासिर म्हणाला, "चाचा, हे आमचे पाहुणे. जरा बघून जातील."

चाचा. सख्ख्या बापाला! जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगीच नाही. अब्बांनी एकदा त्याच्या कडक इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं, एकदा गोऱ्या पाहुण्याकडे पाहिलं, आणि ते उठले. "या साहेब, बसा. स्टूल पुसून देतो."

अब्बांनी 'साहेब' म्हटलं होतं ते नासिरला. तरी हा ढिम्मच.

तेवढ्यात मारेशालसाहेबांनी बाह्या सारल्या, घोडीच्या मानेवरून हात फिरवत ते मागे गेले, वाकले, आणि तिचा पाय उचलून मांडीवर घेतला. अब्बांनी बारकाईनं पाहिलं, मान डोलावली आणि हातोडी उचलली.

"माझे आजोबा हेच करायचे," साहेब वाकूनच इंग्रजीत सांगू लागले. "पाय धरायला मी. मारेशाल म्हणजे तेच की, नाल मारणारा. फार जुना शब्द आहे, 'घोडा' आणि 'चाकर' मिळून झालेला. राजाच्या तबेल्यातले काही चाकर चढत चढत सेनापती झाले. आमचे गावातच राहिले, खुरांपाशी. सांगा ना यांना. आणि यांचं नाव विचारा."

नासिरनं सांगितलं. सांगताना आपल्या त्या इंटरनेटी अभ्यासाची त्याला सणसणीत लाज वाटली.

"रज्जाक म्हणून सांगा," अब्बा म्हणाले.

"आडनाव?" साहेबांनी विचारलं.

अब्बांचा हात थांबला. डोक्यावर त्यांच्या वडिलांनी लावलेली 'नालबंद' अशी मराठी पाटी होती. पाहुण्याला ती वाचता येत नव्हती, एवढं त्यांनी ओळखलं असावं. "आडनाव नाही," ते म्हणाले. "नुसतं रज्जाक."

पॅरिससाठी आपण बापाला चाचा केलं, ते नासिरनं कसंबसं पचवलं होतं. पण आपल्या पॅरिससाठी बापानं आडनाव गिळावं, हे काही त्याला पचेना. गेलं पॅरिस खड्ड्यात.

"नालबंद," तो म्हणाला. "रज्जाक नालबंद. आमच्याकडे मारेशालला नालबंद म्हणतात, साहेब. हे माझे वडील."

साहेबांनी मान वर केली. "आणि ते घोडदळ?"

"घोडदळातच होते की. घोड्यावर नव्हते, एवढंच. खाली होते."

साहेब इतके हसले की घोडीनं कान टवकारले. काय झालं म्हणून अब्बांनी विचारलं, तेव्हा नासिरनं त्यांना सगळं सांगितलं. मान खाली घालून, पण घोडदळासकट. अब्बा हसले नाहीत. त्यांनी खुराबाहेर आलेलं खिळ्याचं टोक मोडलं.

"पाहुण्याला मोकळं कर," ते म्हणाले. "कंबर गेली असेल त्याची."

नासिर वाकला. घोडीनं सगळा भार त्याच्या मांडीवर टाकला. पँटची शिवण टरकन उसवली आणि तो कण्हला.

"एवढ्यात दमलास?" अब्बा दुसरा खिळा ओठांत धरत म्हणाले. "घोडदळातला ना तू?"