मास्तरची मांडी

दवाखान्यामागच्या चढावर ताईची गाडी पुन्हा बंद पडली. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

"क्लच, ताई, क्लच!" शेजारी बसलेल्या धाकट्या भावाने कपाळाला हात लावला. तो ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. अर्ध्या गावाला गाडी शिकवलेल्या मास्तरची सख्खी बहीण मात्र परीक्षेत दोनदा नापास झाली होती, दोन्ही वेळा याच चढावर. आज दुपारी तिसरी खेप. लायसन मिळालं तर सोमवारपासून शाळेची गाडी चालवायची नोकरी तिची. नाहीतर पुन्हा जावेच्या दुकानात झेरॉक्सच्या मशीनपाशी. तिथे कित्येक वर्षं तिने दुसऱ्यांच्या नोकऱ्यांचे अर्ज काढून दिले होते. माणसं अर्ज घेऊन पुढे जायची, ही तिथल्या तिथेच. हल्ली तिला स्वतःची कीव यायची, आणि कीव आली की ती चिडायची.

"जमेल गं," मास्तर म्हणाला, "आज नाही तर पुढच्या वेळी."

"पुढची वेळ गेली खड्ड्यात."

तिने पुन्हा किल्ली फिरवली. या वेळी गाडी उचलताना तिने खाली, आपल्या पायांकडे पाहिलं. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर होता. गाडी हलली आणि मधलं पेडल आपलं आपण खाली गेलं. गाडी आचका देऊन गप्प.

शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो दाबला की इकडचाही दबतो.

"ब्रेक कोण दाबतंय रे?"

"मी? छे!" मास्तरने खाली पाहिलं आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. "आईशप्पथ ताई, मला कळलंच नाही."

खोटं नव्हतं ते. दुसऱ्यांचे अपघात टाळता टाळता त्या पायाला खोडच लागली होती. घरी टीव्हीत गाडी जोरात आली तरी तो सोफ्यापुढची फरशी दाबायचा.

"बूट काढ. मांडी घाल."

"सीटवर?"

"नाहीतर काय माझ्या डोक्यावर?"

मास्तरने मुकाट मांडी घातली. ताईच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. म्हणजे दोष आपला नव्हताच! आजवर ज्यांनी ज्यांनी "जपून गं" म्हटलं त्या सगळ्यांना मनातल्या मनात मांडी घालायला लावून तिने झोकात गाडी काढली. अर्ध्या चढावर पुन्हा आचका. पुन्हा बंद.

"अरे!" म्हणत तिने शेजारी पाहिलं. मास्तर मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. तिने खाली पाहिलं. ब्रेकवर पाय होता आणि चप्पल तिची होती.

मास्तर हसला नाही. शहाणा होता. ताईच हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली. "पण बरं झालं. तुझा पाय माझं ऐकेल न ऐकेल, हा तर माझाच आहे."

मग जेवणाची वेळ टळेपर्यंत तिने तो चढ घोटला.

दुपारी परीक्षक मागच्या सीटवर बसले आणि पुढे मांडी घालून बसलेल्या मास्तरकडे बघू लागले. "हे असे का बसलेत?"

"पायाचं दुखणं आहे, साहेब. घराण्यातच आहे. मला आता बरंच बरं वाटतंय."

चढ आला. दर परीक्षेला टेम्पो आडवा यायचा, तो आजही चुकला नाही. उजवा पाय ब्रेककडे उचलला जातोय हे तिला या खेपेला वेळेवर कळलं. भीती वाटत होती. वाटू दे, म्हणाली ती, आणि पाय होता तिथेच ठेवला. शेजारी मास्तर मांडीतल्या मांडीत पाऊल दाबत होता. गाडी कण्हत कुंथत वर चढली आणि सपाटीला लागली.

"बस, थांबवा," परीक्षक म्हणाले.

"इथे नको, साहेब, वळण आहे," ताई म्हणाली. वळण मागे टाकून, कडेची मोकळी जागा बघून, मगच तिने ब्रेक दाबला.